अगस्त्याची जागा

बऱ्हाणपूर जिल्ह्यातील दापोऱ्याहून तापीच्या खोऱ्याने पश्चिमेकडे खानदेशात उतरावे आणि चाळीसगावची वाट धरून सातमाळ्याच्या डोंगरांपर्यंत जावे, म्हणजे पाटणे हे ठिकाण लागते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, येथे मठ स्थापन केला आणि त्या मठाला यादवांच्या निकुंभ मांडलिकांनी उत्पन्न तोडून दिले, असे सांगणारा शके ११२८ चा शिलालेख याच स्थळी सापडला. भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायात विषुववृत्त, क्रांतिवृत्त, क्षितिज यांची कडी सरळ वेळूच्या कामट्यांची करून खगोलाची प्रतिकृती कशी बांधावी, हे सविस्तर सांगितले आहे. आर्यभटाने तर त्यांच्याही सहाशे वर्षे आधी लाकडाचा हलका, वाटोळा गोल पारा, तेल आणि पाणी यांच्या योगाने कालगतीने फिरता ठेवण्याची युक्ती लिहून ठेवली. आकाश घरात आणावे, ते हाताने फिरवावे आणि विद्यार्थ्याला उघड्या माळावर न नेता दाखवावे, ही इच्छा या मुलखाला परकी नाही. जुनी तारामंडळ-यंत्रे आणि लेसर-प्रक्षेपके घरी दुरुस्त करून पुन्हा चालती करण्याचा जो छंद आज जगभर थोडे लोक मोठ्या निष्ठेने जोपासतात, तो या इच्छेचाच एक अर्वाचीन आविष्कार समजावा.

या छंदाचा मूळपुरुष शोधायचा झाला, तर मी नेदरलँड्समधील फ्रानेकर गावच्या आइसे आइसिंगा या लोकर विंचरणाऱ्या कारागिराचे नाव घेईन. १७७४ च्या मे महिन्यात काही ग्रह आणि चंद्र आकाशात जवळजवळ आले असता प्रलय होणार अशी आवई उठली. तेव्हा लोकांना ग्रहगतीचे खरे स्वरूप कळावे म्हणून या गृहस्थाने आपल्या राहत्या घराच्या बैठकीच्या खोलीतील छतावर सूर्यमाला बांधावयास घेतली आणि ती १७८१ मध्ये पुरी केली. लाकडी कडी आणि चकत्या, त्यांत दाते म्हणून ठोकलेले सुमारे दहा हजार हाताने घडवलेले खिळे, आणि हा सारा पसारा चालवणारे एक लंबकाचे घड्याळ, एवढीच काय ती सामग्री. त्यातील शनी आजही सूर्याभोवती एक फेरा घालण्यास एकोणतीस वर्षांहून अधिक काळ घेतो. विद्यापीठाची पदवी नाही, यंत्र बांधताना राजाश्रय नाही, उत्पन्नाचे साधन म्हणजे लोकर. तरीही ते यंत्र जवळजवळ अडीचशे वर्षे चालू आहे आणि २०२३ मध्ये त्याची नोंद जागतिक वारसास्थळांच्या यादीत झाली. बऱ्हाणपूरसारख्या मागावर जगलेल्या शहराच्या पंचक्रोशीतील वाचकाला ही हकीकत विशेष जवळची वाटावी, कारण सूत आणि लोकर यांच्याशी निगडित धंद्यांनी माणसाच्या बोटांना जी चिकाटी लावली, तिचा उपयोग कापडापुरता कधीच मर्यादित राहिलेला नाही.

आइसिंगाच्या यंत्रात ग्रह दिसत, आकाश दिसत नसे. आकाश दिसावे म्हणून दिव्याचा उपयोग करण्याची कल्पना जर्मनीत येना येथील झाइस कारखान्याच्या वाल्टर बाउअर्सफेल्ड या अभियंत्याने प्रत्यक्षात आणली आणि २१ ऑक्टोबर १९२३ रोजी म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. घुमट स्थिर, मध्यभागी दिव्याचा गोल, आणि त्या गोलातून घुमटावर पडणारे साडेचार हजार तारे, अशी ती योजना होती. पुढे वाल्टर व्हिलिगरने दोन गोलांची, मध्ये जाळीदार कमर असलेली ती सुप्रसिद्ध आकृती सिद्ध केली, आणि पृथ्वीवरील कोणत्याही अक्षांशाचे आकाश एकाच यंत्रातून दाखवता येऊ लागले. परंतु ही यंत्रे राजधान्यांसाठी होती. सामान्य शाळेच्या आवाक्यात तारामंडळ आणले ते अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या आर्मांड स्पिट्झने. त्याने १९४७ मध्ये पुढे मांडलेल्या यंत्रात मौल्यवान भिंगांची रांग नव्हती; बारा पंचकोनी पृष्ठांचा एक पोकळ डबा, आत एक बारीक दिवा आणि पृष्ठांवर ताऱ्यांच्या जागी पाडलेली छिद्रे, एवढेच होते. किंमत पाचशे डॉलर.

स्पिट्झचेच यंत्र पुण्यात आले. टिळक रस्त्यावरील न्यू इंग्लिश स्कूलच्या आवारात १९५४ साली सुरू झालेले कुसुमबाई मोतीचंद तारामंडळ देशातील पहिले म्हणून ओळखले जाते, आणि ते एखाद्या सरकारी खात्याने नव्हे तर एका शाळेने, देणगीच्या आधारावर उभे केले, ही गोष्ट मला त्या पहिलेपणाहूनही महत्त्वाची वाटते. ज्या शहरात १९४४ मध्येच ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारखी हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था निघाली होती, तेथे हे घडावे हे यथायोग्यच होते. मुंबईला वरळीच्या नेहरू तारांगणाचे उद्घाटन ३ मार्च १९७७ रोजी झाले. तेथे झाइसचे विशाल सार्वत्रिक यंत्र बसले आणि त्याने एका पिढीला आकाश दाखवले. २००३ मध्ये त्याच्या जागी संगणकाने चालणारी डिजिस्टार ही यंत्रणा आली. पुढे जगातील बहुतेक तारांगणांत हेच घडत गेले, आणि दंतचक्रांनी चालणारी यंत्रे मोडीत, लिलावात किंवा कोठीच्या कोपऱ्यात जाऊ लागली. घरगुती छंदाचा उदय होतो तो नेमका येथे. कारण मोडीत निघालेल्या यंत्राला विशेषज्ञांचा आश्रय सरतो तेव्हा हौशी माणसाचाच उरतो.

झाइसच्या मोठ्या यंत्राची दुरुस्ती घरी करण्याच्या गोष्टी मी करणार नाही. जे यंत्र माणसाहून उंच आणि टनांनी वजनाचे आहे, ते धाब्याच्या घरात मावणार नाही. घरी हाताळावयाचे ते छिद्रांचे लहान यंत्र, किंवा फार तर लहान घुमटासाठी झाइस वा जपानी कारखान्यांनी केलेली भिंगांची यंत्रे. यांतील पहिल्या जातीचे मर्म दिव्यात असते, छिद्रात नव्हे, आणि हे न ओळखल्यामुळे पुष्कळ दुरुस्त्या फुकट जातात. समजा, गोलाची त्रिज्या दहा सेंटिमीटर आहे, घुमटाची दीड मीटर आहे आणि आतील दिव्याची तार एक मिलिमीटर लांबीची आहे. छिद्रापासून घुमटापर्यंतचे अंतर दिवा आणि छिद्र यांमधील अंतराच्या चौदा पट असल्यामुळे, छिद्र कितीही सूक्ष्म केले तरी त्या तारेचे चौदा मिलिमीटरचे प्रतिबिंब घुमटावर पडणारच. त्यात एक तृतीयांश मिलिमीटरच्या छिद्राची छाया मिळाली की ठिपका दोन सेंटिमीटरच्या आसपास जातो, म्हणजे मध्यभागी बसलेल्या प्रेक्षकाला तारा चंद्राच्या बिंबाहून मोठा दिसतो. छिद्रे बारीक करत बसण्यापेक्षा दिव्याचा प्रकाशबिंदू पाव मिलिमीटरवर आणावा, तारे आपोआप तारे होतात. मूळ दिवा जळून गेल्यावर बाजारात मिळेल तो बल्ब लावून कित्येक शाळांनी आपल्या यंत्राचे आकाश चुन्याच्या ठिपक्यांसारखे करून टाकले आहे. आज एकाच सूक्ष्म बिंदूचा एलईडी या कामी उत्तम चालतो, मात्र त्याचा बिंदू गोलाच्या अचूक केंद्रात बसला पाहिजे, नाहीतर नक्षत्रांचे आकार एका बाजूला ताणले जातात.

दुसरी अडचण विजेची. अमेरिकन यंत्र ११० व्होल्टचे असते, हे सर्वांस ठाऊक असते आणि त्यासाठी ट्रान्सफॉर्मर लावला म्हणजे काम झाले असे समजले जाते. परंतु ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, आवर्तने बदलत नाही. तिकडे वीज सेकंदाला साठ आवर्तनांची, आपल्याकडे पन्नासांची, आणि यंत्रात सिंक्रोनस मोटर असेल तर ती आपल्याकडे पाच-षष्ठांश वेगानेच फिरते. चार मिनिटांत पुरा होणारा दिवस मग चार मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंद घेतो. निवेदकाच्या ध्यानी हे येतही नाही, परंतु सूर्य उगवण्याच्या वाक्याला सूर्य उगवत नाही. यावर उपाय म्हणजे मोटर बदलण्याऐवजी एका दंतचक्राची जोडी बदलणे किंवा आवर्तने बदलणारा छोटा इन्व्हर्टर लावणे. पहिला उपाय बऱ्हाणपूरच्या माणसाला सोपा आहे. ज्या शहरात यंत्रमागांची चक्रे, बुश आणि बेअरिंगे रोज घासली आणि घडवली जातात, जेथे जळालेली मोटर वाइंडिंगला टाकून संध्याकाळी परत आणता येते, तेथे लेथवर असे एक चक्र कापून घेणे ही मोठी बाब नाही. ज्या कारागिरीसाठी युरोपातील हौशी माणसाला महिनोन्महिने थांबावे लागते, ती येथे दोन गल्ल्यांच्या अंतरावर आहे.

भिंगांच्या यंत्रांकडे वळले म्हणजे शत्रू निराळे. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते आणि ती वेळीच न काढल्यास काचेलाच खाते. मग कोणत्याही द्रावणाने तो डाग जात नाही. दोन काचा जोडणारा जुना राळेचा थर उन्हाळ्याच्या तापाने सुटतो, आणि बऱ्हाणपूरचा वैशाख हा त्या कामी फारच तत्पर असतो. चक्रांवरचे वंगण वाळून रोगणासारखे कडक होते. ते रॉकेलने हळूहळू धुवून काढावे, जोराने फिरवून मोकळे करू नये, कारण पितळेचा एक दाता तुटला तर यंत्राचे पंचांग बिघडते. मोठ्या झाइस यंत्रांत प्रत्येक तारा-भिंगापुढे गुरुत्वाने आपोआप मिटणारी एक पापणी असते, जेणेकरून क्षितिजाखालील तारे प्रेक्षकांच्या अंगावर पडू नयेत; ही पापणी अडकली की मावळलेला तारा समोरच्या माणसाच्या सदऱ्यावर चमकतो. आणि फिरत्या गोलांना वीज पोचवणाऱ्या स्लिप रिंग व त्यांवर घासणारे कार्बन ब्रश हे स्वच्छ नसतील, तर सारे आकाश लुकलुकते. बालप्रेक्षकांना ते आवडते, पण दुरुस्त करणाऱ्याने त्या कौतुकाला भुलू नये.

या यंत्रांमधील सर्वांत सुंदर भाग मात्र ग्रहांचा. मंगळ कधी पुढे, कधी वक्री कसा दिसतो हे गणिताने दाखवण्यास पाने खर्ची पडतात; झाइसच्या यंत्रात ते एका दांडीने साधले आहे. एक चक्र पृथ्वीच्या कक्षेचे, दुसरे मंगळाच्या कक्षेचे, दोन्ही आपापल्या खऱ्या कालमानाच्या प्रमाणात फिरणारी. दोहोंवर एकेक खिळी, आणि या दोन खिळींना जोडणाऱ्या दांडीला लहान प्रक्षेपक बांधलेला. दांडीची दिशा म्हणजे पृथ्वीवरून मंगळ ज्या दिशेला दिसतो ती दिशा. पृथ्वीची खिळी मंगळाच्या खिळीला मागे टाकून पुढे सरकते त्या सुमारास दांडी उलट वळते, आणि घुमटावर मंगळ वक्री होतो. यात कोणी त्याला वक्री व्हायला सांगितलेले नाही. संगणकाच्या पडद्यावरील मंगळाविषयी असे म्हणता येत नाही, कारण तेथे जे सांगितले तेच दिसते. म्हणून अशा यंत्राचे पोट काढून त्यात डिजिटल प्रक्षेपक बसवण्यास, आणि त्यालाच नूतनीकरण म्हणण्यास, माझा स्पष्ट विरोध आहे.

आता दापोऱ्याच्या आकाशाचा प्रश्न येतो. बऱ्हाणपूरचा अक्षांश सुमारे २१ अंश २० कला उत्तर. म्हणजे ध्रुवतारा येथे उत्तर क्षितिजावर जवळजवळ तितकाच उंच असतो, आणि यंत्राचा ध्रुवाक्ष तेवढ्याच कोनात कलवावा लागतो. फिलाडेल्फियाचा अक्षांश चाळीस. चाळीस अंशांच्या मुलखासाठी केलेल्या यंत्रात दक्षिण आकाशाचा शेवटचा तुकडा अनेकदा मुळीच नसतो, कारण तेथील विद्यार्थ्याला तो कधी दिसणारच नसतो आणि म्हणून गोलाला आधार देणारा खांब त्याच जागेतून नेलेला असतो. त्या तुकड्यात अगस्त्य आहे. अगस्त्याची क्रांती दक्षिणेस ५२ अंश ४२ कला. फिलाडेल्फियात तो याम्योत्तरावरही क्षितिजाच्या पावणेतीन अंश खाली राहतो, तर दापोऱ्यात माघ-फाल्गुनाच्या रात्री तो सोळा अंश उंचीवर, व्याधाच्या खाली, तेजस्वी तळपतो. आकाशातील दुसरा सर्वांत तेजस्वी तारा, आणि यंत्रात त्याला छिद्रच नाही! त्याहून खाली त्रिशंकूचा सर्वांत दक्षिणेकडील तारा येथे पाचसहा अंशच वर येतो, तरी येतो. म्युनिकच्या त्या पहिल्या यंत्रातही हे दक्षिणेचे आकाश नव्हतेच.

येथे जीर्णोद्धार करणाऱ्याची खरी परीक्षा लागते. जुन्या पत्र्यावर नवे छिद्र पाडू नये, मूळ जिन्नस जसाच्या तसा राखावा, हा संग्रहालयांचा नियम मला मान्य आहे. परंतु अगस्त्य नसलेले आकाश दापोऱ्याच्या मुलांना दाखवणे हे असत्य कथन होईल, हेही तितकेच मान्य आहे. या पेचातून वाट झाइसनेच दाखवली आहे. व्याध हा तारा इतका तेजस्वी की त्याच्यासाठी ताराफलकावरील छिद्र पुरत नाही, म्हणून मोठ्या यंत्रात त्याचा प्रक्षेपक वेगळा, स्वतंत्र दिव्याचा असतो. तसाच एक बोटभर लांबीचा, भिंगाचा आणि एलईडीचा प्रक्षेपक अगस्त्यासाठी करावा, तो गोलाबरोबर फिरेल अशा कड्यावर, पण मूळ पत्र्याला भोक न पाडता, चिमट्याने बसवावा आणि काढला तर मागे खूण राहू नये. स्थानिक सत्य आणि मूळ वस्तू या दोहोंची बाजू यात राखली जाते.

आणखी एक शंका पुष्कळजण काढतात: यंत्राची छिद्रे १९५० सालच्या आकाशाप्रमाणे पाडलेली, मग संपातचलनामुळे ती आज चुकीची नाहीत काय? संपातचलनाने १९५० पासून २०२५ पर्यंत ताऱ्यांचे रेखांश एक अंशाहून किंचित अधिक सरकले. दीड मीटर त्रिज्येच्या घुमटावर हे अंतर पावणेतीन सेंटिमीटर भरते. परंतु सर्व तारे मिळून सरकतात, नक्षत्रांचे आकार बदलत नाहीत, आणि हा फरक घरगुती प्रयोगात कोणाच्या नजरेस येत नाही. त्यासाठी यंत्राशी खटपट करू नये.

घुमटाची चिंता बऱ्हाणपूरकराने मुळीच करू नये. दीड मीटर त्रिज्येचा अर्धगोल बारा पाकळ्यांच्या पांढऱ्या कापडाचा शिवता येतो: प्रत्येक पाकळीची उंची सुमारे दोन मीटर छत्तीस सेंटिमीटर, पायथ्याशी रुंदी साडेअठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर, साठ अंशांच्या उंचीवर त्याच्या निम्मी, आणि शेंड्याशी शून्य. यंत्रमागाच्या गावात कापड सर्वांत स्वस्त आणि शिंपी सर्वांत निष्णात.

लेसर-प्रक्षेपकांविषयी थोडे अधिक सावधपणे लिहितो. तारांगणात लेसरचे रंगीत प्रयोग करण्याची प्रथा लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत आयव्हन ड्रायर याने १९ नोव्हेंबर १९७३ रोजी ‘लेझेरियम’ नावाने सुरू केली. एक वॉटच्या क्रिप्टॉन लेसरची किरणशलाका लोलकातून फोडून तिचे तांबडे, पिवळे, हिरवे आणि निळे धागे हलत्या आरशांनी घुमटावर नाचवले जात, आणि हे सारे चालक संगीताबरोबर हाताने चालवीत असे. त्या वेळचे आरसे हलवणारे गॅल्व्हॅनोमीटर मंद होते, म्हणून वळणे गोलसर आणि सावकाश येत. आजचे वेगवान गॅल्व्हॅनोमीटर लावले की रेषा टोकदार होतात आणि त्या काळची जी एक लवचीक, वाहती शैली होती ती नाहीशी होते. जुन्या यंत्राचा आत्मा त्या मंदपणातच आहे, असे माझे मत आहे. घरी हाताळण्याजोगा भाग बहुधा हेलियम-निऑन नळीचा. जुन्या नळीतून हेलियम वर्षानुवर्षे काचेतून आणि सांध्यांतून झिरपून जातो, आणि नळी पेट घेत नाही. अशी नळी हेलियम भरलेल्या बंद पेटीत काही काळ ठेवली तर वायू तसाच परत आत झिरपतो आणि पुष्कळदा ती पुन्हा उजळते. ती पेटवण्यास हजारो व्होल्टचा दाब लागतो, आणि स्विच बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये प्राणघातक भार उरतो, हे विसरू नये. आर्गॉन-क्रिप्टॉनच्या मोठ्या नळ्यांपासून तर दूरच राहावे: त्यांना थ्री-फेज वीज आणि वाहते पाणी लागते, जी वीज खेड्यात शेतीपंपाच्या ठरल्या वेळीच येते, शिवाय त्यांतील काहींच्या आतली नळी बेरिलियम ऑक्साइडची असते आणि ती फुटली असता तिची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. किरण डोळ्यात जाऊ देऊ नये हे सांगण्याची गरज नसावी, तरी सांगतो. ज्यांना या विद्येचा पाया शास्त्रशुद्ध समजून घ्यावयाचा आहे त्यांच्यासाठी इंदूर दूर नाही. १९८४ मध्ये पायाभरणी झालेले तेथील प्रगत तंत्रज्ञान केंद्र, जे आज राजा रामण्णांच्या नावाने ओळखले जाते, ते देशातील लेसर-संशोधनाचे मुख्य ठिकाण आहे, आणि त्याचे संस्थापक संचालक डॉ. दिलीप भवाळकर हे याच मध्य प्रदेशातले.

हौशी माणूस घरात बसून व्यावसायिकांच्याही पुढे जाऊ शकतो, याला जपानचे ताकायुकी ओहिरा यांचे उदाहरण पुरेसे आहे. त्यांनी विद्यार्थिदशेपासून स्वतः भिंगांची तारायंत्रे बांधली आणि १९९८ मध्ये दहा लाखांहून अधिक तारे दाखवणारे ‘मेगास्टार’ हे यंत्र लंडनच्या आंतरराष्ट्रीय तारांगण परिषदेत मांडून दिग्गज कारखान्यांना चकित केले. त्यांच्या मेगास्टारच्याच जातीचे यंत्र २०१० मध्ये दिल्लीच्या नेहरू तारांगणात आले.

शेवटी शाळा-महाविद्यालयांच्या चालकांना एक विनंती. तुमच्या कोठीत एखादे जुने तारायंत्र, भिंगांचा संच किंवा लेसरची नळी डेडस्टॉक रजिस्टरमध्ये ‘निरुपयोगी’ शेऱ्यासह पडून असेल, तर ते भंगाराच्या वजनावर देण्यापूर्वी त्याचा क्रमांक, कारखान्याचे नाव आणि सोबतची कागदपत्रे उतरून घ्या. छिद्रांचे पत्रे आणि मूळ दिव्याचे कोंदण वेगळे बांधून ठेवा, कारण या दोन वस्तू पुन्हा मिळत नाहीत, बाकी सर्व बनवून घेता येते. आणि लिलावाची सूचना भंगारवाल्यांबरोबर जवळच्या आकाशनिरीक्षक मंडळालाही पाठवा.